पडद्यावरची जपानी लेकरे



‘कार्टून बघून बघून पोरगं वाया चाललं’ हे वाक्य आपल्या वस्तीत रोज कानावर पडते. मांडीवर बिडीचे सूप घेऊन बसलेली आजी म्हणते, एमआयडीसीतून दुसरी पाळी करून आलेला बाप म्हणतो, आणि म्हणताना दोघांचेही डोळे पडद्यावरच असतात! या वादात मी पोरांच्या बाजूची आहे. चाळिशी ओलांडली तरी ही चित्रे मी आवडीने पाहते, आणि घरचे हसले तरी पाहते. माझी तक्रार वेगळीच आहे. आपली लेकरे कार्टून पाहतात याचे मला वाईट वाटत नाही. ती त्याच दोन-तीन मालिका पुन्हा पुन्हा पाहतात आणि ज्या खास आपल्यासाठी काढल्यासारख्या वाटाव्यात त्या त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाहीत, याचे वाटते.

ही बहुतेक चित्रे जपानची. तिकडे त्यांना ‘ॲनिमे’ म्हणतात. डोरेमॉन जपानचा, शिनचॅन जपानचा, हे आता पोरांनाही ठाऊक आहे. पण आपल्या पिढीचा मोगली जपानी होता हे किती जणांना माहीत आहे? गोष्ट किपलिंग या इंग्रज लेखकाची, जंगल मध्य प्रदेशातल्या शिवनीचे, आणि चित्रे काढली निप्पॉन ॲनिमेशन या जपानी कंपनीने. १९८९-९० साली जपानमध्ये तिचे ५२ भाग दाखवले गेले. १९९३ साली ती हिंदीत दूरदर्शनवर आली, तेव्हा गाणे गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे आणि शेरखानाचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. तो आवाज ऐकून पोरे आईच्या पदराआड जात.

त्या वेळी श्रीरामपूरच्या बाजूला आमच्या आळीत टीव्ही नव्हता. दोन आळ्या सोडून एका घरी होता. रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा पोरी तिथे जायचो आणि उंबऱ्याच्या बाहेर, चपलांच्या शेजारी बसून बघायचो. त्या घरची पोरे आत सतरंजीवर. कोणी हाकलले नाही, पण आत या असेही कोणी म्हटले नाही. पडद्यावर लांडग्यांच्या कळपाने माणसाचे पोर आपले म्हणून ठेवून घेतलेले असायचे. तेव्हा यातले काही कळत नव्हते, मोगलीचा बूमरँग तेवढा हवा होता. आज ती मालिका पुन्हा लावली की पहिल्यांदा तो उंबरा आठवतो.

डोरेमॉनबद्दल फार लिहीत नाही, कारण ते प्रत्येक घरात पाठ आहे. आपल्याकडे तो २००५ पासून आहे. पोरे त्याच्यामुळे आळशी होतात असे म्हणतात, पण नीट पाहिले तर पोटातल्या पिशवीतून निघालेली प्रत्येक वस्तू शेवटी नोबितावरच उलटते. आयत्याची फजिती रोज दाखवणारी दुसरी मालिका मला माहीत नाही. शिनचॅनवर २००८ साली सरकारने बंदी घातली, पुढच्या वर्षी कात्री लावून तो परत आला. मोठ्यांना उद्धट बोलतो हा त्याच्यावरचा आरोप. आपल्या घरात पोरांनी प्रश्न विचारावेत की नाही हा मोठा विषय आहे, तो पुन्हा कधीतरी.

आता ज्यांची उपेक्षा झाली त्यांच्याकडे वळते.

डिसेंबर २०१२ मध्ये कलर्स वाहिनीवर ‘सूरज : द रायझिंग स्टार’ नावाची चित्रमालिका लागली होती. मुंबईच्या झोपडपट्टीतला पोरगा, क्रिकेटचा ध्यास आणि त्याला घडवणारा कडक बाप. २६ भाग झाले आणि ती विस्मरणात गेली. मूळ मालिका जपानची, ‘क्योजिन नो होशी’, १९६८ ते १९७१, तब्बल १८२ भागांची. तिकडे खेळ बेसबॉलचा. बाप एकेकाळचा खेळाडू. युद्धात खांदा गेला म्हणून मजुरी करतो आणि आपले राहिलेले स्वप्न पोराच्या अंगावर घालतो. अगदी शब्दशः घालतो! पोराच्या छाती-दंडांना स्प्रिंगा लावलेला साज बांधतो, म्हणजे जेवताना घास उचलायचा तरी ताकद लागावी. आपल्याकडच्या मालिकेत स्प्रिंगांच्या जागी सायकलच्या ट्यूबा आल्या. हा बदल मला फार आवडला. आपल्या वस्तीतला बाप वस्तू शोधेल तर पंक्चरच्या दुकानातच शोधेल ना!

पण त्या मूळ मालिकेतले एक चित्र मी विसरू शकत नाही. पोरगा रात्री सराव करतो, बाप ओरडतो, आणि मोठी बहीण अकिको खांबाआडून डोळे पुसत बघत असते. जपानमध्ये हे चित्र इतके प्रसिद्ध आहे की लोक त्याची नक्कल करून हसतात. मला हसू येत नाही. आई नाही, म्हणून स्वयंपाक, धुणी, बापाची दारू, भावाच्या पट्ट्या सगळे तिच्याकडे. तिला स्वतःला काय हवे आहे हा प्रश्न कथेत बराच काळ कोणी विचारतच नाही. आपल्या घरांत भावाच्या भरतीच्या क्लाससाठी बारावीनंतर थांबलेली किती पोरी सांगू? त्या खांबाआडून बघतही नाहीत, कारण तेवढा वेळ नसतो. ही मालिका पोरांना दाखवली तर एकच करावे. ‘गोलंदाजी कशी वाटली’ हे पोरगे सांगेलच. ‘त्या बहिणीचं काय झालं असेल’ हे आपण विचारावे.

‘सूरज’वर माझा एक आक्षेपही आहे. जपानी कंपन्यांच्या वस्तू कथेत पेरायला निर्मात्यांना जागा मिळाली, गरिबी दाखवायला मिळाली, पण मी पाहिलेल्या भागांत त्या वस्तीला जात नव्हती. मुंबईच्या झोपडपट्टीला जात नाही असे कोण म्हणेल? आणि खरा नायक शोधायला जपानला जायची गरजही नव्हती. १८७६ साली धारवाडला चर्मकार कुटुंबात जन्मलेले पालवणकर बाळू पुण्याच्या जिमखान्यात इंग्रजांसाठी खेळपट्टी तयार करीत, जाळ्यात गोलंदाजी टाकीत. हिंदूंच्या संघाला त्यांचा डावा हात हवा होता, पण चहाच्या वेळी त्यांना तंबूबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. कर्णधारपद त्यांना कधी दिले नाही. ते १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले, हेही खरे, आणि तेही दाखवायला हरकत नाही. यावर १८२ भाग सहज निघतील. काढणारा हवा.

घरकामाला जाणाऱ्या माता-भगिनींसाठी एक मालिका सांगते. मोगली काढणाऱ्याच कंपनीची, १९८५ सालची, ४६ भागांची, ‘सेरा’ या मुलीची. लंडनच्या वसतिशाळेतली श्रीमंत मुलगी. बाप मरतो, पैसे बुडाल्याची बातमी येते, आणि त्याच शाळेत तिला माळ्यावर टाकून मोलकरीण केले जाते. कालच्या मैत्रिणी आज तिला कोळसे वाहायला लावतात. जपानमध्ये ही मालिका पाहून घरोघर डोळ्यांना पदर लागले, मीही रडले. पण माझे लक्ष राहून राहून बेकीकडे जाते. बेकी ही त्याच शाळेतली जन्माची मोलकरीण. तीही त्याच माळ्यावर राहते, तेच कोळसे वाहते. सेराचे पैसे अखेर परत येतात आणि सेराला न्याय मिळतो. बेकीचे पैसे कधी नव्हतेच, म्हणून तिला न्याय नाही, सेराचा आश्रय मिळतो. वरून खाली पडलेल्याचे दुःख जगाला दिसते. खालीच जन्मलेल्याचे दुःख रोजचे, म्हणून ते कोळशाच्या बादलीसारखे कोपऱ्यात राहते. मालिका चांगली आहे, पाहावी, पण बेकीकडे बोट दाखवत पाहावी.

आणि आता माझी सर्वांत आवडती, सर्वांत कमी पाहिली गेलेली. तिचे नाव ‘निंपू कामुई गाइडेन’. वर्ष १९६९, भाग फक्त २६. हिंदीत मला कधी दिसली नाही, इंग्रजी ओळींसह पाहिली. सान्पेई शिरातो नावाच्या चित्रकाराची ही कथा. त्याचे वडील श्रमिकांची चित्रे काढणारे चित्रकार होते, पोरानेही तोच वसा घेतला. २०२१ साली तो वारला.

कामुई हा हेर-योद्धा. आपल्याच टोळीचा खुनाचा धंदा त्याला नको होतो आणि तो पळतो. टोळीचा नियम असा की पळाला त्याला मारायचे. म्हणून प्रत्येक भागात तो एका नव्या गावी, आणि मागावर कोणीतरी. कोणावर विश्वास ठेवावा, कोणाच्या घरी भाकरी खावी हे त्याला कळत नाही. टीव्हीवर एवढेच दिसते. पण ज्या मूळ चित्रकथेतून तो आला, ‘कामुई-देन’, ती १९६४ पासून सात वर्षे एका मासिकात चालली आणि तिच्यात त्याचा जन्म सांगितला आहे. कामुई जन्माने ‘हिनिन’. या शब्दाचा अर्थ ‘माणूस नसलेला’.

होय, जपानातही होते. तिकडे एकाच धर्माचे, एकाच भाषेचे, एकाच रंगाचे लोक. तरी मेलेली ढोरे ओढणारे, कातडी कमावणारे, फाशी देणारे यांना गावाबाहेर ठेवले. एका वर्गाला ‘हिनिन’, दुसऱ्याला ‘एता’. त्या दुसऱ्या शब्दाची अक्षरे लिहायची म्हणजे ‘पुष्कळ घाण’ असे लिहायचे. १८७१ साली सरकारने कागदावर ही नावे रद्द केली, वागणूक रद्द झाली नाही. म्हणून ३ मार्च १९२२ रोजी क्योतो शहरात त्या लोकांनी ‘सुईहेइशा’ ही स्वतःची संघटना उभी केली. आपला महाडचा सत्याग्रह त्यानंतर पाच वर्षांनी. दोघांना एकमेकांची कितपत खबर होती ते सोडा, पण वेळ बघा!

कामुईची गोष्ट वाचताना मला हरेगाव आठवते. आपल्या नगर जिल्ह्यातल्या, आता अहिल्यानगर म्हणायचे, श्रीरामपूर तालुक्यातल्या याच हरेगावात डिसेंबर १९३९ मध्ये बाबासाहेबांनी महार वतनदारांची परिषद घेतली होती. वतन म्हणजे काय, तर गावाचे पडेल ते काम पिढ्यानपिढ्या करायचे आणि बदल्यात जमिनीचा तुकडा व शिळी भाकर. लोकांना त्या तुकड्याची माया होती, बाबासाहेबांना त्यातला फास दिसत होता. जन्मानेच काम गळ्यात पडले की ते सोडणाराही गुन्हेगार ठरतो. कामुई नेमका हाच गुन्हेगार. आपल्या कितीतरी आज्या-पणज्यांनी गावकी सोडून मुंबईची गिरणी, मनमाडची रेल्वे, कारखान्याची चाळ गाठली, तेव्हा मागे गावात काय बोलले गेले हे त्यांनीच सांगितलेले आहे. कायद्याने वतने गेली १९५८ साली. आणि त्याच हरेगावात ऑगस्ट २०२३ मध्ये शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या संशयावरून दलित पोरांना झाडाला उलटे टांगून मारले. तेव्हा माझ्या घरातल्या दहावीतल्या पोराने विचारले, ‘हे आपल्याकडंच होतं का?’ त्याला मी भाषण दिले नाही, कामुई लावून दिला. तीन भाग पाहून त्याने पुढचा प्रश्न विचारला, ‘मग तिकडच्यांनी काय केलं?’ तेव्हा सुईहेइशाचे नाव सांगितले.

एक गंमत सांगायलाच हवी. कामुईचा शेवटचा भाग लागला २८ सप्टेंबर १९६९ ला, रविवारी संध्याकाळी साडेसहाला. पुढच्याच रविवारी त्याच वेळेला, त्याच कंपनीची ‘साझाए-सान’ सुरू झाली. शहरातले सुखी मध्यमवर्गीय कुटुंब, त्याचे रुसवे-फुगवे. ती अर्ध्या शतकाहून जास्त काळ चालली आहे. पळणाऱ्याला २६ रविवार मिळाले.

लहानग्यांना एवढे जड नको. त्यांच्यासाठी ‘इक्क्यू-सान’ आहे. १९७५ ते १९८२, २९६ भाग. इक्क्यू हा चौदाव्या-पंधराव्या शतकातला खरा भिक्खू होता. मालिकेत तो विहारात वाढणारा श्रामणेर आहे. आईपासून तोडून आणलेला. शेवटचे गाणे म्हणजे पोराने आईला लिहिलेले पत्र आहे, ते लागले की मी उठून चहा ठेवायला जाते. बाकी सगळा खेळ अकलेचा. राजाचा सर्वाधिकारी म्हणतो, पडद्यावर रंगवलेला वाघ रात्री बाहेर येतो, त्याला बांधून दाखव. इक्क्यू दोरी घेऊन उभा राहतो आणि म्हणतो, ‘मी तयार आहे, तुम्ही त्याला तेवढा बाहेर हाकला.’ पुलावर पाटी असते की हा पूल ओलांडू नये. जपानीत ‘हाशी’ म्हणजे पूल आणि ‘हाशी’ म्हणजे कडाही. इक्क्यू पुलाच्या मधोमध चालत जातो आणि सांगतो, मी कडेने आलोच नाही! अडचण आली की तो मांडी घालून, डोळे मिटून, डोक्यावर बोटे फिरवत विचार करतो. आमच्या शेजारची पोरे गणित अडले की तशीच बसतात. त्यांचा पंथ झेन, त्यांचे विधी आपले नाहीत, एवढे सांगून ठेवले की पुरे. विचार करायला बसणे मात्र आपलेच आहे.

मोठ्या पोरांसाठी शेवटी ‘बुद्ध’. ओसामु तेझुका या चित्रकाराला जपानी लोक चित्रकथांचा पितामह मानतात. १ जानेवारी १९६३ ला टीव्हीवर आलेला ‘ॲस्ट्रो बॉय’ त्याचाच. दर आठवड्याच्या ॲनिमे मालिकांची वाट त्यानेच रुळवली. १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षे त्याने बुद्धाची चित्रकथा काढली, १९८९ साली तो वारला. २०११ साली तोएई कंपनीने तिच्यावर चित्रपट काढला, २०१४ साली दुसरा. सगळी चित्रकथा मालिका म्हणून पडद्यावर आलेली मी पाहिलेली नाही, हे दोन चित्रपट तेवढे पाहिले.

या कथेची सुरुवात सिद्धार्थापासून होत नाही. ती होते तत्ता नावाच्या अस्पृश्य पोरापासून आणि चाप्रा नावाच्या दास पोरापासून. दोघेही तेझुकाने कल्पनेने उभे केले. चाप्रा कोसलच्या सेनापतीचा जीव वाचवतो, सेनापती त्याला मुलगा करून घेतो. अट एकच, जन्म लपवायचा. चाप्रा घोड्यावर बसतो, लढाया जिंकतो, आणि त्याची माय त्याच नगरात लपून वावरते, मुलाला मुलगा म्हणू शकत नाही. गुपित फुटते. चाप्रा मायला नाकारत नाही, आणि दोघेही मारली जातात.

आडनाव बदलून भाड्याची खोली घेणारी पोरे आपल्यात आहेत. कंपनीत डबा खाताना बाबासाहेबांचे लॉकेट शर्टाच्या आत टाकणारी आहेत. मी त्यांना नावे ठेवणार नाही. खोली मिळत नाही म्हणून माणूस नाव लपवतो, हौस म्हणून नाही. पण चाप्राची गोष्ट त्यांच्याबरोबर बसून पाहण्यासारखी आहे, कारण त्यात दोष पोराच्या माथी मारलेला नाही. अट घालणाऱ्या व्यवस्थेला चित्रकाराने उघडे केले आहे.

तरीही तेझुकाचे सगळे जसेच्या तसे घेऊ नये. शूद्र म्हणजे गुलाम असे त्याने सरसकट धरले आहे. चमत्कारही आहेत, तत्ता प्राण्यांच्या शरीरात शिरतो. आणि सिद्धार्थाच्या गृहत्यागामागे तेच जुने म्हातारपण, आजार आणि मरण. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी हाच प्रश्न आरंभी विचारला आहे: एकोणतीस वर्षांच्या माणसाला तोवर म्हातारा, आजारी, मृत माणूस दिसलाच नव्हता, हे कसे पटावे? त्यांनी सांगितलेले कारण रोहिणी नदीच्या पाण्याचे. शाक्य आणि कोलीय या दोन्हीकडच्या शेतकऱ्यांचा पाण्यावरून तंटा, संघात युद्धाचा ठराव, सिद्धार्थाचा एकट्याचा विरोध, बहुमत विरुद्ध गेल्यावर त्याने स्वतःहून पत्करलेली परिव्रज्या. पाण्यावरून होणारी भांडणे आपल्या प्रवरा-मुळेच्या पोरांना समजावून सांगावी लागत नाहीत. चित्रपट पाहून झाला की ग्रंथातले ते प्रकरण वाचून दाखवावे आणि पोरांनाच विचारावे, कोणते कारण पटते?

वर्षावासात विहारातून रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतेच. वाचन रोहिणीच्या प्रकरणापर्यंत आले की त्या आठवड्याच्या रविवारी पहिला चित्रपट पडद्यावर लावता येईल. तो दोन तासांच्या आतच आहे. इंग्रजी ओळी मराठीत मोठ्याने सांगायला कॉलेजातली एक पोरगी पुढे बसवावी. वाचणारा पोरगाच असावा असे काही नाही! चौथीच्या आतल्या लेकरांना मात्र त्या दिवशी बसवू नये, युद्धाची आणि मारहाणीची दृश्ये बरीच आहेत. त्यांना शेजारच्या खोलीत इक्क्यूचा वाघ लावून द्यावा.